गेमिंग कॅफेला तळघरात ढकलू नका

प्रति,
राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींचे नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक, मुख्याधिकारी,
तसेच तालुक्याच्या पोलीस ठाण्यांचे प्रभारी अधिकारी यांस

विषय : लहान शहरांत गेमिंग कॅफे उघडण्यासाठी एकच स्पष्ट परवाना आणि मुदतीत, पण कडक तपासणी मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. काही वर्षं पुण्यात नेटवर्किंगची नोकरी केली. आता धाकट्या भावाबरोबर गावातच गेमिंग कॅफे काढायचा आहे. 10 कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडलेले, एका बाजूला 5 आणि समोर 5. तासाला 60 रुपये. मुलांनी यायचं, मित्रांबरोबर खेळायचं, वेळ संपली की घरी जायचं. व्यवसाय एवढाच आहे. तो रीतसर सुरू करायला निघालं की वाट कुठे अडते आणि त्या अडण्याचा परिणाम कुणावर होतो, ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. माझ्यासारखी मुलंमुली आज अनेक तालुक्यांत आहेत, म्हणून एका कार्यालयाला अर्ज न करता तुम्हा सर्वांना उघडपणे लिहिते आहे.

सुरुवातीचे कागद सोपे आहेत. उद्यम नोंदणी घरबसल्या होते. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली छोट्या दुकानाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीही लागत नाही. कर्जासाठी मुद्रा आहे, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पुढे प्रश्न येतो तो आम्ही नेमके कोणत्या खान्यात बसतो याचा. लोकांना पैसे घेऊन इंटरनेट देतो, म्हणजे 2011 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आम्ही सायबर कॅफे. लोक करमणुकीसाठी येतात, म्हणजे 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 33 व्या कलमाखाली होणाऱ्या नियमांतली सार्वजनिक करमणुकीची जागा. आणि पाटीवर ‘गेमिंग’ लिहिलं की आम्ही थेट दोन संशयांच्या सावलीत. पहिला संशय नाणी टाकून चालणाऱ्या मशीनवर जुगार खेळवणाऱ्या व्हिडिओ गेम पार्लरचा, दुसरा राजकोटमध्ये आग लागली तशा गेम झोनचा. मी परवान्याची चौकशी करायला गेले तेव्हा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं गेलं, आणि तिथून पुन्हा पहिल्या. कुणी उद्धटपणे बोललं नाही. कुणाला खरंच ठाऊक नव्हतं की कोणता फॉर्म द्यायचा.

हे दोन्ही संशय मला खरे वाटतात, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

आधी जुगार. व्हिडिओ गेमच्या नावाखाली जुगार चालवणाऱ्या पार्लरवर राज्यात अनेकदा छापे पडले आहेत आणि ते पडायलाच हवेत. तिथे माणूस पैसे लावतो आणि मशीन आकडा दाखवतं, त्यात खेळाडूच्या हातात काही नसतं. आमच्याकडे ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ हे पाच-पाच जणांच्या संघांनी खेळायचे नेमबाजीचे गेम खेळणारा मुलगा पैसे लावत नाही, तो मशीन वापरण्याचं भाडं देतो. जिंकला तरी 60 रुपये, हरला तरी 60 रुपये. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा मंजूर केला त्यात हाच भेद केला आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तर ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ गेम, आणि साधे सामाजिक खेळ यांना प्रोत्साहन द्यायचं असं तोच कायदा म्हणतो. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा विभागाकडे सोपवला. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, तेव्हा तीर्थ मेहता या भारतीय खेळाडूने ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य मिळवलं. पुढे हांगझोऊच्या एशियाडमध्ये ते पदकांचे खेळ झाले आणि भारताचे संघ तिथे खेळले. दिल्लीत ज्याला खेळ म्हणतात त्याच्याकडे तालुक्याच्या गावात जुगाराच्या नजरेने पाहिलं जातं, कारण खाली कुणी स्पष्ट लिहून दिलेलं नाही.

पळवाट कुठून निघू शकते हेही सांगते, म्हणजे तपासणाऱ्यांना सोपं जाईल. कॅफेत स्पर्धा ठेवायची, प्रत्येकाकडून 200 रुपये गोळा करायचे आणि सगळी रक्कम जिंकणाऱ्याला द्यायची, हा प्रकार होऊ शकतो. ‘काउंटर-स्ट्राइक’मधल्या बंदुकांच्या रंगीत ‘स्किन’ना बाजारात पैशाची किंमत असते आणि त्या लावून सट्टा खेळवणाऱ्या साइट आहेत. कोणाची मॅच कोण जिंकणार यावर कोपऱ्यात पैजा लागू शकतात. माझ्या कॅफेत बक्षीस ठेवलं तर ते गावातल्या मोबाइल दुकानदाराने किंवा चहावाल्याने दिलेलं असेल, खेळाडूंच्या पैशातून जमवलेलं नसेल. परवान्यात ही अट स्पष्ट शब्दांत घाला आणि ती मोडणाऱ्याचा परवाना रद्द करा. प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्याला अशा अटीचा त्रास होत नाही, उलट शेजारच्या गल्लीत कुणी लबाडी केली तर त्याच्याबरोबर आमचं नाव जोडलं जात नाही.

आता आग. 25 मे 2024 ला राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागली आणि किमान 27 माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. पत्र्याचं शेड, आत साठवलेलं इंधन, सुरू असलेलं वेल्डिंग, बाहेर पडायला पुरेशी वाट नाही, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नाही. ती बातमी वाचून कोणत्याही अधिकाऱ्याने ‘गेम’ शब्द दिसताच हात आखडता घेतला तर मी त्याला दोष देणार नाही. पण आणखी एक आग सांगते, जी आमच्या धंद्याच्या जास्त जवळची आहे. जून 2002 मध्ये बीजिंगच्या लानजिसू नावाच्या इंटरनेट कॅफेत 25 जण मेले, बहुतेक विद्यार्थी. कॅफे विनापरवाना होता. खिडक्यांना लोखंडी गज होते आणि दार बंद होतं. परवाना मिळत नाही म्हणून मुलांची आवड थांबत नाही. ती मुलं कुणाच्या तरी मागच्या खोलीत जातात, आणि त्या खोलीला दुसरं दार नसतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

कॅफेत धोका कुठे असतो ते तांत्रिक बाजूने मांडते, कारण तपासणी ‘आग विझवायचा सिलिंडर लावलाय का’ एवढ्यावर थांबली तर ती व्यर्थ आहे. एक गेमिंग कॉम्प्युटर मॉनिटरसकट साधारण 400 वॅट ओढतो. 10 मशीन म्हणजे 4 किलोवॅट, आणि ही सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणून सुटते. ती बाहेर काढायलाच एक टनापेक्षा जास्त एसी लागतो. वर मे महिन्यातला आमच्याकडचा पत्रा आणि आत बसलेली माणसं धरली तर 2 टनांच्या खाली भागत नाही. हा भार घरगुती वायरिंगवर, एका एक्स्टेन्शन बोर्डला दुसरा बोर्ड जोडून चालवला तर वायर तापणारच. म्हणून व्यापारी जोडणी, मंजूर भार पुरेसा, शक्यतो थ्री-फेज, दोन-तीन मशीनमागे भार वाढला की वीज तोडणारी वेगळी एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि नीट मोजलेलं अर्थिंग. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दाराच्या वाटेत ठेवायच्या नाहीत, हवा खेळेल अशा जागी ठेवायच्या, कारण लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. आग विझवायला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, विजेच्या उपकरणांवर पाणी चालत नाही. बाहेर पडायला दोन वाटा, आणि दोन्ही दारं आतून ढकलली की उघडणारी. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यात परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायची पद्धत आहे. गेमिंग कॅफे कितीही छोटा असो, त्याला ती लागू करा. मी तो दाखला दर्शनी भिंतीवर लावेन.

जागेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. घरमालकांना ‘गेमिंग’ नको असतं, परवान्याचं नक्की नसतं, म्हणून कॅफेवाला तळघर नाहीतर जिन्याखालची खोली शोधतो. काचेला काळी फिल्म लावतो. अशा जागेत कोण जातं? फक्त मुलं, तीही ठरावीक टोळक्याची. मुली जात नाहीत. मुलींना हे खेळ आवडत नाहीत असं सर्रास म्हटलं जातं, ते खरं नाही. माझ्या मावसबहिणी, त्यांच्या मैत्रिणी मोबाइलवर रोज खेळतात, आणि खेळताना स्वतःचं नाव मुलाचं ठेवतात म्हणजे कुणी त्रास देऊ नये. पुण्यात मी ज्या कॅफेत खेळायला जायचे तो मुख्य रस्त्यावर तळमजल्याला होता, समोर पारदर्शक काच होती, काउंटरवर एक बाई बसायच्या. एवढ्यानेच फरक पडायचा. तिथे आम्ही पाचजणी निर्धास्त बसून खेळायचो. मला माझ्या गावात तशी जागा हवी आहे.

2011 च्या नियमांत याचा अर्धा भाग आधीच लिहिलेला आहे. आडोसे साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत, आडोशाबाहेरचे स्क्रीन कॅफेच्या मोकळ्या जागेकडे तोंड केलेले हवेत, अल्पवयीन मुलांना पालकांशिवाय आडोशात बसवायचं नाही, येणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं आणि नोंदवही किमान वर्षभर जपायची. शाळा-कॉलेजचं ओळखपत्रही चालतं. मी यापुढे जाऊन सांगते, आडोसेच नकोत. नोंदवहीबद्दल मात्र एक विनंती आहे. मुलींच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स काउंटरवर उघड्या पडलेल्या असणं धोक्याचं असतं. आमच्यावर नोंदी ठेवायची सक्ती कराल तेव्हा त्या कुलपात ठेवायची आणि मुदत संपली की नष्ट करायचीही सक्ती करा.

नगरपरिषदांच्या व्यापारी संकुलांत वरच्या मजल्यांचे गाळे रिकामे पडलेले दिसतात. आम्हाला सवलतीचा गाळा नको, लिलावात आम्हीही बोली लावू. फक्त लिलावाच्या अटींत गेमिंग कॅफे हा मान्य व्यवसाय म्हणून लिहिलेला असावा, आणि जिथे दुसरा जिना आहे असाच गाळा आम्हाला द्यावा.

आईवडिलांची भीती मोठी आहे आणि तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक त्यांच्याच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने तर 2014 मध्येच अशा रुग्णांसाठी वेगळं क्लिनिक सुरू केलं. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी त्याची लक्षणं दिली आहेत. असं मूल मी जवळून पाहिलं आहे. ते कॅफेत नव्हतं, घरातच दार लावून, पांघरुणात मोबाइल घेऊन रात्री तीनपर्यंत जागत होतं. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, जुने सायबर कॅफे फॉर्म भरण्याची आणि झेरॉक्सची दुकानं झाली, आणि खेळ प्रत्येकाच्या एकट्याच्या खोलीत गेला. तिथे वेळ संपली असं सांगणारं कुणी नाही.

कॅफेत वेळ संपली की स्क्रीन आपोआप बंद होतो. शेजारी चार माणसं असतात. खेळही असा आहे की पाचजणांना सतत बोलावं लागतं, “बी वर दोघं आलेत,” “स्मोक टाक,” “एकटाच उरलाय, घाई नको करू.” चुकलेल्याला लगेच कळतं, आणि पुढच्या फेरीत त्याच्याच खांद्यावर भरवसा टाकावा लागतो. तालमीत जसा वस्ताद असतो तशी इथे काउंटरवरची व्यक्ती असली पाहिजे, जिला कोण कुणाचा मुलगा, कोणाची परीक्षा कधी, हे ठाऊक असतं. लहान गावात ते ठाऊक असतंच. हा आमचा मोठ्या शहरापेक्षा फायदा आहे.

माझ्या कॅफेचे नियम मी ठरवले आहेत आणि ते परवान्याच्या अटी म्हणून घातले तर मला आनंद होईल. शाळेच्या वेळात आणि रात्री 8 नंतर 18 वर्षांखालच्या कुणालाही प्रवेश नाही. त्यांना दिवसाला जास्तीत जास्त 2 तास. ‘जीटीए’सारखे प्रौढांसाठीचे खेळ त्यांच्या मशीनवर उघडणारच नाहीत. आणि उधारी नाही. हा शेवटचा नियम मी सगळ्यात वर मानते. मुलांचे 300-400 रुपये थकले की ती घरातून पैसे उचलतात किंवा त्यांना कुणीतरी मोठा पोरगा पैसे देतो आणि मग कामं सांगतो. दक्षिण कोरियात अशा कॅफेंना ‘पीसी बांग’ म्हणतात, तिथे ते गल्लोगल्ली आहेत, आणि अल्पवयीन मुलांना रात्री 10 नंतर तिथे बसता येत नाही. बंदी न घालता वेळेची शिस्त लावता येते, हे तिथे दिसतं.

सकाळी मशीन रिकामी असतात. तेव्हा टायपिंगच्या परीक्षेचा सराव, भरतीच्या ऑनलाइन परीक्षांच्या सराव चाचण्या यांसाठी ती कमी दरात द्यायचा आमचा विचार आहे. तालुक्यातली मुलं कॉम्प्युटरवर पेपर द्यायला जिल्ह्याला जातात तेव्हा अनेकांनी त्याआधी माउस फारसा हाताळलेला नसतो. पण म्हणून आम्हाला परवाना द्या असं मी म्हणणार नाही. संध्याकाळचा खेळ हा खेळ म्हणूनच मान्य व्हावा. गावातल्या पोरापोरींना मित्रांबरोबर दोन तास मजेत घालवायला जागा मिळणं हे पुरेसं कारण आहे.

हिशोब मांडते, म्हणजे उशिराची किंमत कळेल. 10 मशीन रोज 10 तास, त्यातली सरासरी 40 टक्के भरलेली, तासाला 60 रुपये. महिन्याला 72,000. गाळ्याचं भाडं 15,000, व्यापारी दराने वीज 16,000, इंटरनेट 3,000, एका मुलाचा पगार 12,000, आणि 8 लाखांच्या कर्जाचा 5 वर्षांचा हप्ता 17,500 च्या आसपास. उरतात 8,500, त्यातून तुटलेले माउस, हेडफोन आणि गेमचे व्यापारी परवाने. अनेक गेम घरगुती वापरासाठीच असतात, कॅफेसाठी वेगळी परवानगी किंवा स्टीमसारख्या ऑनलाइन गेम विकणाऱ्या सेवेचा कॅफे कार्यक्रम घ्यावा लागतो. चोरीच्या प्रती टाकल्या तर हा खर्च वाचतो, आम्ही तो वाचवणार नाही. एवढ्या बारीक नफ्यात परवान्यासाठी गाळा तीन महिने बंद राहिला तर भाडं आणि हप्ता मिळून जवळपास 1 लाख रुपये दार उघडण्याआधीच जातात. मग माणूस परवान्याची वाट न पाहता दार लावून धंदा सुरू करतो. तळघरं अशीच भरतात.

म्हणून मागणी एवढीच. पोलीस ठाणं, नगरपरिषद आणि अग्निशमन यांनी मिळून गेमिंग कॅफेसाठी एक फॉर्म आणि अटींची एक यादी करावी. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली या परवान्याची मुदत अधिसूचित व्हावी, म्हणजे उशीर झाला तर अपील करता येईल, आणि नाकारला तर कारण लेखी मिळेल. तपासणी न सांगता करा, वर्षातून कितीही वेळा करा, पण त्या यादीप्रमाणे करा, आणि पाहिलेलं लिहून सही करून द्या. ही यादी बनवताना दोन-चार कॅफेचालक, एखादे मुख्याध्यापक आणि पालकांपैकी काहीजण बोलावले तर बरं. त्यात आया असाव्यात. आणि मुली असाव्यात.

वायरिंगचा नकाशा, विजेच्या भाराचा हिशोब, दोन्ही दारांची मापं आणि वर लिहिलेले नियम मी एका फाइलमध्ये तयार ठेवले आहेत. ज्या नगरपरिषदेला किंवा पोलीस ठाण्याला अटींची यादी करताना त्यांचा उपयोग होईल, त्यांनी ते मागून घ्यावेत, मोबदला नको. आमच्या गावचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, तेवढं कळवावं.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावी गेमिंग कॅफे उघडू इच्छिणारी एक नागरिक